नोटीसवाली गाडी

देऊळगाव राजात जालना रस्त्यावर मोटारींची कामे करणारे जे दुकानदार बसतात, त्यांनी आमच्या व्हॅनला ‘नोटीसवाली गाडी’ असे नाव ठेवले आहे. हा अधिकार त्यांना कोणी दिला, असे मी पूर्वी विचारले असते, आणि बहुधा लेखी विचारले असते. आता विचारत नाही. त्या रस्त्याने जाताना मात्र अजूनही काच वर करून घेतो.

मी दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम बेलिफांकरवी लोकांच्या दारी पोचवणारा तो नाझर. आमच्या वस्तीतल्या माझ्या पिढीला कागदाने उभे केले, असे मी मानत आलो. ज्या नळासाठी माझ्या वडिलांनी सरपंचासमोर हात जोडले होते, तो पुढे माझ्या एका अर्जाने आला. तेव्हापासून कुठे अन्याय दिसला की माझा हात पेनाकडे जातो. थांब्यावर न थांबलेल्या बसच्या चालकाविरुद्ध, उघड्या गटाराबद्दल, बँकेतल्या बंद पंख्याबद्दल मी लिहिले आहे. माझी पत्नी वऱ्हाडी मुलखातल्या सोनाळ्याची. तिची बोली अजून सोनाळ्याचीच आहे आणि माझी भाषा कोर्टाची. ती म्हणते, “लोकाईचा राग डोस्क्यातून निघते. तुमचा ‘विषय’ या शब्दापासून सुरू होते.”

तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात व उजवा पाय लुळे पडले. वाचा मात्र शाबूत राहिली. ही गोष्ट आमच्या घरापुरती नव्हती, कारण वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत बुद्धविहारात रोज संध्याकाळी जे ग्रंथवाचन होते, ते कित्येक वर्षे तीच करीत आली होती. अंगणवाडीत आयुष्य घालवल्यामुळे तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो, आणि मध्येच थांबून “समजलं का बायांनो?” असे विचारण्याची तिची सवय लोकांना आवडते. विहार गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. रिक्षात बसवायचे म्हणजे कोणीतरी उचलायला हवे, आणि उचलून घ्यायला ती कधीच तयार झाली नाही. “मी काय कापसाचा गठ्ठा हाये?” एवढेच तिचे उत्तर असे.

दुसरबीड गावात रस्त्याच्या कडेला वेल्डिंगचे आणि गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा एक कारागीर आहे. त्याने आमच्या जुन्या व्हॅनचे डावे पुढचे आसन फिरते करून दिले. आधी आमच्या अंगणात खुर्ची मांडून त्याने पत्नीला पुन्हा पुन्हा बसवले-उठवले, विटा ठेवून उंची कमीजास्त केली, आणि बोलता बोलता आपल्या हाताची एवढी तारीफ केली की मला त्याचा कंटाळा आला. “मावशी, मुंबईवाल्याले दाखवा हे सीट. तो म्हनंन, फॉरेनहून आनलं.” एका ट्रकच्या वायपरची मोटर, खाली दाते असलेले चाक, आणि पिठाच्या गिरणीवर असतात तशी एक हिरवी व एक लाल कळ. हिरवी दाबली की आसन दाराकडे वळून बाहेर येई, लाल दाबली की आत जाई. पत्नी डाव्या हाताने कळ दाबे, कुबडी टेकून उभी राही, आणि कोणाही पुरुषाचा हात न लागता विहाराच्या पायरीपर्यंत जाई. वाहनात असा बदल करायचा तर परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. ती मी मिळवली. नोंदणीवर तशी नोंद करून घेतली. आसनाचा निम्मा अभिमान मला होता, कारण त्याला कायदेशीर मी केले होते.

पावसाळ्याच्या सुरुवातीपासून गाडीत काहीतरी बिघडू लागले. हिरवी कळ दाबली की समोरचे दिवे मंदावत. पुढे पुढे हॉर्न आपोआप बारीक आवाज काढू लागला, कुत्र्याचे पिल्लू कण्हते तसा. पत्नी म्हणाली, “त्या पोराले एक फोन लावा ना.” मी म्हणालो, काम हमीच्या मुदतीत आहे, पाहू. काय पाहणार होतो, ते मला आज सांगता येत नाही.

मग एका संध्याकाळी विहाराच्या फाटकासमोर आसन अर्धे बाहेर येऊन अडकले. पुढेही जाईना, मागेही. तिचे गुडघे दाराच्या खांबाला दाबले गेले होते, ती तिरपी झाली होती, आणि हॉर्न आता पूर्ण ताकदीने, न थांबता, वाजत होता. त्या आवाजाने वाचनासाठी जमलेले सगळे लोक बाहेर आले. मी लाल, हिरवी, पुन्हा लाल अशा कळा दाबत राहिलो. शेवटी वस्तीतले चौघे पुढे झाले आणि त्यांनी तिला काखेत व मांड्यांखाली हात घालून उचलले. लुगडे वर सरकले. एक चप्पल चिखलात पडली. ती डोळे मिटून होती. आसन सगळ्यांनी हाताने ढकलून आत घातले, तेव्हा हॉर्न थांबला. त्या दिवशी वाचन दुसऱ्याच एका मुलीने केले.

दुसऱ्या दिवशी वेळ झाली तेव्हा ती तयार झाली नाही. “थ्या पोरीले वाचू द्या. चांगली वाचते.” त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. घरात ती भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि वाचनाची वेळ टळली की उठून बसे.

मला संताप आला. मी टेबलाशी बसलो आणि दुसरबीडच्या त्या माणसाला नोटीस लिहिली. निष्काळजीपणा, सदोष सेवा, एका दिव्यांग स्त्रीच्या प्रतिष्ठेस सार्वजनिक ठिकाणी पोचलेली हानी, विहित मुदतीत समाधानकारक खुलासा न केल्यास दिवाणी व फौजदारी कारवाई. एकही वाक्य खोटे नव्हते. लिहिताना मला वाटत होते की पतीचे प्रेम याहून नीट मांडता येणार नाही. पोचपावतीसह टपाल केले. पोचपावती सहीनिशी परत आली तेव्हा समाधान वाटले. त्याला फोन करावा, असे मला या सगळ्यात एकदाही सुचले नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. खरोखरच सुचले नाही.

आसन दुरुस्त तर करायला हवे होते. आम्ही राहतो त्या देऊळगाव राजात जालना रस्त्यावर गाड्यांच्या वायरिंगचा एक जुना जाणकार आहे. त्याच्याकडे व्हॅन नेली. दुकानासमोरच्या बाकावर नेहमीप्रमाणे दोघेतिघे रिकामे बसले होते. त्याने कळ दाबली, हॉर्नचा आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणाला, “अर्थिंग गेली असंल. करंट घरी जायला वाट हुडकतोय, म्हणून हॉर्नातून जातोय.”

“मग कृपया दुरुस्त करा,” मी म्हणालो.

“मी नाही करत साहेब.”

“कारण?”

“वायर दुसरबीडवाल्याची हाय. ज्याची वायर त्याला इचारल्याबिगर आम्ही उघडत नसतो. त्यानं फोनवर ‘खोल’ म्हणलं, तर आत्ता खोलतो.”

हा त्यांच्यातला शिरस्ता आहे, हे मला नंतर इतरांनीही सांगितले. एकाने जोडलेली वायर दुसरा परस्पर उघडत नाही. उघडली आणि पुढे जळाली, तर जळली कोणाच्या हाताने याचा निवाडा होत नाही. त्यात मला तेव्हाही एक न्याय दिसला असता, पण मी संतापलेला होतो. मी त्याला विचारले, “मी ग्राहक आहे. आपण सेवा नाकारता, याचा अर्थ आपणांस कळतो काय?”

बाकावरचा एक जण म्हणाला, “अरे, नको हात लावू. ही नोटीसवाली गाडी हाय. पोस्टमन उद्या तुझ्या दारात!”

सगळे हसले. जाणकार हसला नाही. हात पुसत तो म्हणाला, “तुमची नोटीस त्यानं माझ्याकडंच आणली होती साहेब, वाचून घ्यायला. मला बी अर्धीच समजली. ‘फौजदारी’ तेवढं दोघांला समजलं.”

मी गाडी तशीच जालन्याला नेली. तिथल्या मोठ्या कार्यशाळेत एका तरुणाने संगणक जोडून पाहिला आणि सांगितले की बाहेरून बसवलेले काहीच ते हातात घेत नाहीत. ते सगळे काढून मूळचे आसन बसवून देतील. पत्नीला घरी येऊन हे सांगितले. तिने आधी खिडकीतून गाडीकडे पाहिले. मग म्हणाली, “काढाले नोका सांगू कोनाले. बिघडलेलं असू द्या, पन असू द्या.”

मी टेबलाशी बसलो. समोर कोरा कागद होता आणि मी जाणकाराचा पत्ता लिहीत होतो. ती कुबडी टेकत मागे येऊन केव्हा उभी राहिली, मला कळले नाही.

“आता ह्यालेबी लिहून राह्यले काय?”

“सेवा नाकारण्याचा त्याला अधिकार नाही.”

“लिवा. मंग जालनावाल्याले लिवा. मंग पोस्टमनले लिवा, का बाबा तू जोराने काऊन वाचत नाई. साऱ्या जिल्ह्याले लिवून झालं का मले सांगा, मी विहारात जाईन.”

मी लिहिणे थांबवले. ती गेली. दोन दिवसांनी जेवताना तिने शांतपणे सांगितले की शेजारच्या सुनेकडून तिने दुसरबीडला फोन लावून घेतला, आणि तो उद्या दुपारी येणार आहे. मला बरे वाटले. खुलाशाबाबत त्याच्याशी काय बोलावे, हे मी मनात जुळवू लागलो.

“तुम्ही घरी नोका राहू,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तुम्ही असले तर काम होनार नाई. बाहीर जाऊन या. दिवस कलल्यावर या.”

अट त्या माणसाची असणार, असे मी गृहीत धरले. ज्याच्यावर नोटीस आहे त्याने नोटीस देणाऱ्याला स्वतःच्या घरातून बाहेर जायला लावावे! पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी मी बसस्थानकावर जाऊन बसलो. दुसरे कुठे जावे हे सुचले नाही. माणूस विनाकारण बसलेला दिसू नये अशी ती एकच जागा होती. कोर्टातल्या एका जुन्या ओळखीच्या गृहस्थांनी विचारले, “कुठं निघालात?” मी म्हणालो, जालन्याला. थोड्या वेळाने जालन्याची बस लागली, ते त्याच बसने जाणार होते, आणि मी उठलो नाही. खिडकीतून ते माझ्याकडे पाहत गेले. पुढे आणखी कोणी विचारले तेव्हा मी बुलढाण्याचे नाव घेतले. बुलढाण्याचीही बस आली आणि गेली. शेजारी सीताफळांची टोपली घेऊन बसलेली बाई शेवटी म्हणाली, “काका, तुम्हाला जायचंय तरी कुठं? का घरचे येऊ देईनात?” ती हसण्यावारी बोलली होती. मी तिच्याकडून सीताफळे घेतली आणि ऊन उतरण्याची वाट न पाहता घराकडे निघालो.

फाटकापाशीच मला पत्नीचे हसणे ऐकू आले. त्या संध्याकाळपासून ते ऐकले नव्हते. व्हॅनचे दार उघडे होते, आसन काढून अंगणात ठेवलेले होते आणि दुसरबीडचा कारागीर गाडीत पालथा पडून काहीतरी खरवडत होता. ती ओसरीवरच्या खुर्चीत बसून त्याची थट्टा करीत होती.

“फॉरेनचं सीट म्हनत होतास ना रे? फॉरेनमधी हॉर्न असाच रडते काय?”

“रडू द्या मावशी. आता हसवतो त्याले.”

मग त्याला मी दिसलो. तो उठून उभा राहिला, हातातला पाना खाली ठेवला. मी शक्य तितक्या संयमाने म्हणालो, “आपल्या अटीप्रमाणे मी बाहेर होतो. लवकर आलो, त्याबद्दल…”

“कोनती अट साहेब?”

“मी घरी नसावे, ही.”

त्याने पत्नीकडे पाहिले, मग माझ्याकडे. तो गडबडला होता. “मी असं कुठं म्हनलो? मी तर म्हनलो, साहेब असले तर बरंच होईन, समोरासमोर बोलनं होईन. मावशीच म्हनल्या…” तो थांबला.

“बोल ना,” पत्नी म्हणाली. “मीच म्हनलं. माह्या घरी कोनी माह्यासाठी याले मांगत असंन, अन् यांच्या भेवानं येत नसंन, तर मी कोनाले बाहीर काढू?”

हातातली सीताफळांची पिशवी कुठे ठेवावी हेही मला कळेना. न्यायालयात मी लोकांना घराबाहेर काढण्याचे हुकूम पाहिले होते, बजावले होते. त्या कागदांत नेहमी कारण दिलेले असे. माझे कारण तिने एका वाक्यात दिले होते आणि त्यावर अपील नव्हते.

तो पुढे आला तो चूक कबूल करायलाच. आसनाची अर्थची वायर त्याने ज्या बोल्टला जोडली होती, त्या बोल्टखालचा रंग त्याने खरवडला नव्हता. रंगातून करंट नीट जात नाही, पावसात गंज चढला आणि वाटच बंद झाली. “हे माझंच चुकलं साहेब. गडबडीत ऱ्हायलं. तुमचा एक फोन आला असता, तर त्याच दिवशी येऊन हाता-पाया पडून करून दिलं असतं.” मग आवाज उतरवून त्याने विचारले, “त्या नोटिसीले जवाब द्याचा असते का? वकील पाहा लागते का? पोस्टमननं गिऱ्हाइकासमोर सही घेतली, ट्रॅक्टरवाल्यानं त्याच दिवशी काम वापस नेलं. गावात झालं, याच्यावर केस झाली. अम्मी रोज विचारते, कोर्टात कधी जायाचं हाये.”

नोटिशीतले माझे प्रत्येक विधान खरे ठरले होते. चूक त्याची होती, ती त्याने मान्य केली होती, आणि मी त्याच्यासमोर मान वर करू शकत नव्हतो. वडिलांनी ज्याच्यापुढे हात जोडले, त्या सरपंचाच्या दारी कागद जाणे वेगळे, आणि रस्त्याकडेला टिनाच्या छपरात बसणाऱ्या या माणसाच्या दारी तो जाणे वेगळे, हे कळायला मला नाझरपदावरून निवृत्त व्हावे लागले. त्याच्या हातची सीट तर माझ्याच दारात होती.

“मी ती मागे घेतो,” मी म्हणालो. “आजच पत्र लिहितो. रजिस्टरने पाठवतो.”

पत्नीने कपाळावर हात मारला. “बाप्पा! म्हंजे पुना पोस्टमन, पुना गिऱ्हाइकासमोर सही! लोक म्हनतीन, दुसरी केस झाली. कागद ज्या जागी देल्ला ना, त्या जागी जाऊन तोंडानं सांगा. मी बी येते. तुम्ही सांगतलं, तर मंग विहारात चालते मी.”

आसन त्या संध्याकाळी बसले. तिने हिरवी कळ दाबली तेव्हा ते दिवे न मंदावता बाहेर आले. पण ती त्या दिवशी विहारात आली नाही. अट अट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुसरबीडला गेलो. व्हॅन दुकानासमोर उभी केली. तिने कळ दाबून आसन बाहेर वळवले आणि दुकानाकडे तोंड करून बसून राहिली, उतरली नाही. दुकानात ट्रॅक्टरचे दोन चालक होते, पाण्याची मोटर घेऊन आलेला एक म्हातारा शेतकरी होता. कारागीर उठून उभा राहिला. मी रस्त्यात वाक्य जुळवून ठेवले होते. मी म्हणालो, “या गृहस्थांना मी जी नोटीस दिली होती, ती मी सर्वांसमक्ष, विनाअट, मागे घेत आहे. तिच्यामुळे त्यांच्या लौकिकास जी बाधा पोचली, तिची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.”

म्हाताऱ्याने कानामागे हात धरून विचारले, “काय म्हनून राह्यले हे साहेब?”

“माफी मांगून राह्यले,” कारागीर म्हणाला.

“मंग तसं म्हना ना बाप्पा!” म्हातारा माझ्याकडे वळला. “कोर्टात नाई ना न्यायाचं याले?”

“नाही,” मी म्हणालो. आणि तो अजूनही वाट पाहत आहे, हे दिसल्यावर म्हणालो, “माझं चुकलं.”

हे दोन शब्द मी नोकरीत असताना कित्येक जबान्यांत वाचले होते. तोंडून काढले ते पहिल्यांदाच. ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकाने नजर वळवून टायरकडे पाहायला सुरुवात केली. ती मला त्याची भलमनसाई वाटली. कारागिराने चहा सांगितला. दुकानामागच्या घरातून त्याची आई डोक्यावरचा पदर सावरत आली. तिने मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले आणि माझ्याशी न बोलता सरळ गाडीकडे, माझ्या पत्नीकडे गेली. त्या दोघी काय बोलल्या, मला ऐकू आले नाही. थोड्या वेळाने ती म्हातारी आसनावर बसून पाहत होती आणि माझी पत्नी कुबडीवर उभी राहून तिला कोणती कळ दाबायची ते सांगत होती. माझा चहा हातातच निवला.

त्या संध्याकाळी ती विहारात गेली. फाटकापाशी लोक जमले होते. त्या दिवशी ज्या चौघांनी उचलले होते, त्यांतले दोघे सवयीने पुढे झाले आणि आसन वळताना पाहून मागे सरले. इतके आठवडे वाचणाऱ्या मुलीने ग्रंथ तिच्यासमोर ठेवला आणि शेजारी बसून राहिली, कारण उजव्या हाताने पान उलटणे पत्नीला जमत नाही. ती मुलगी पान उलटी, आणि पत्नी तिला करू देई. मला नेहमी पुढे खुर्ची दिली जाते. मी दाराजवळ चपला असतात तिथे बसलो. कोणी ‘पुढे या’ म्हणाले तर काय सांगायचे हे ठरवून ठेवले होते, पण सगळ्यांचे लक्ष तिच्या आवाजाकडे होते. मध्येच ती थांबली आणि तिने विचारले, “समजलं का बायांनो?” बायांनी “हाव” म्हटले. मी मान खाली घातली.

वाचन संपल्यावर मी तिच्या बाजूचे दार उघडले आणि सवयीने तिच्या दंडाकडे हात नेला. तिने कळ दाबली होती, आसन बाहेर येत होते.

“सरका जरासे,” ती म्हणाली. “गुडघ्याले लागंन तुमच्या.”

मी सरकलो.